पाच फूट नऊ इंचांचा भाव

२०१२ च्या सप्टेंबरात बॉस्टनच्या आसपास सगळीकडे एकच विषय होता. अमेरिकन फुटबॉलच्या इथल्या पेट्रियट्स संघात वेस वेल्करला बाहेर का बसवतायत? आदल्या मोसमात १२२ झेल घेतलेला माणूस. नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात त्याच्या वाट्याला जेमतेम ३ झेल आणि १४ यार्ड आले, आणि दुसऱ्या सामन्यात सुरुवातीला त्याच्या जागी ज्युलियन एडलमन उतरला. आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी दोन तट पडायचे. एक तट म्हणायचा, कोच बिल बेलिचिकला हा बुटका कधी मनापासून आवडलाच नाही. दुसरा म्हणायचा, अरे, याच कोचने त्याला मोठं केलं, आता त्याचं वय झालंय एवढंच. मी तोवर हा खेळ पाच वर्षं बघत होतो, पण दोन्हीकडे नुसती मान डोलवायचो. मला वादाचं मूळच पटत नव्हतं. पाच फूट नऊ इंच म्हणजे बुटका? आमच्याकडे एवढ्या उंचीच्या मुलाचं स्थळ सांगताना 'मुलगा चांगला उंचापुरा आहे' म्हणतात!

हळूहळू समजलं की 'कोच त्याला कमी लेखतो का' हा एक प्रश्न नाहीच. तीन-चार प्रश्न एका पोत्यात भरलेत, आणि जो तो हाताला लागेल तो बाहेर काढून भांडतोय.

आधी खेळ. हा 'फुटबॉल' मेस्सीचा नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळतात तो. नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, पण आपल्या प्रश्नापुरतं थोडंच लागतं. मैदान १०० यार्ड लांब, ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद. ११ विरुद्ध ११. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर नवे चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. प्रत्येक प्रयत्न हा एक स्वतंत्र डाव: सगळे ठरल्या जागी उभे राहतात, चेंडू मागे दिला जातो, पाच-सहा सेकंद धुमश्चक्री, शिट्टी, पुन्हा मांडामांड. एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला असे साधारण साठ-पासष्ट डाव येतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतो. रिसीव्हरचं काम सांगायला एवढंच आहे.

पण तो उभा कुठे राहतो यावर सगळं अवलंबून आहे. एक जागा म्हणजे अगदी कडेला, बाजूच्या रेषेजवळ, थेट आघाडीच्या ओळीवर. समोर हातभर अंतरावर बचाव करणारा कॉर्नरबॅक. डाव सुरू झाला रे झाला की तो दोन्ही तळवे रिसीव्हरच्या छातीवर मारतो आणि त्याची पहिली दोन पावलंच मोडून टाकतो. याला 'प्रेस' म्हणतात. पहिल्या पाच यार्डांत असं ढकलणं कायदेशीर आहे. त्यात अर्धा सेकंद गेला की क्वार्टरबॅकचं गणित बिघडलं, कारण तोवर त्याच्या अंगावर तीनशे पाऊंडांची माणसं धावून येत असतात. म्हणून कडेला उभं राहायला धिप्पाड गडी हवा, जो ते तळवे झटकून पुढे निघेल. क्रिकेटमध्ये गावसकर आणि तेंडुलकर यांच्या उंचीवर कुणी बैठका घेतल्या नाहीत, कारण तिथे फलंदाजाला कुणी दोन हातांनी ढकलत नाही.

दुसरी जागा 'स्लॉट'. कडेचा रिसीव्हर आणि मधली जाड मंडळी यांच्यातली फट. तिथला रिसीव्हर ओळीपासून यार्डभर मागे उभा राहतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत हात पोचायलाच वेळ लागतो. शिवाय कडेच्या माणसाला एका बाजूला रेषेचं कुंपण असतं. स्लॉटमधल्याला डावीकडेही जाता येतं आणि उजवीकडेही. समोरच्याला दोन्ही दारांवर पहारा द्यायचा असतो. कबड्डीत बोनस रेषेपाशी पाय नाचवणारा चढाईपटू आठवा. कोपरारक्षकाला ठाऊक असतं की हा हुलकावणी देणार, पण कुठल्या पायाने देणार ते कळत नाही. तिथे बुटकेपणा अडचण नसून सोय आहे. सहा फूट चार इंचांच्या माणसाला पळता पळता दिशा बदलायची तर कंबर खूप खाली आणावी लागते, दोन-तीन पावलं ब्रेक मारण्यात जातात. वेल्करसारखा माणूस आधीच जमिनीजवळ असतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो, कारण टीव्हीवर कॅमेरा चेंडूवर असतो आणि खरी गंमत चेंडू यायच्या आधी होऊन जाते. समजा तिसरा प्रयत्न आहे, सहा यार्ड हवेत. वेल्कर स्लॉटमध्ये. त्याच्यासमोर चार-पाच यार्डांवर बचावपटू, किंचित आतल्या बाजूला सरकून उभा. डाव सुरू. वेल्कर पाच-सहा यार्ड सरळ जातो, छोट्या छोट्या पावलांनी, बाजारात गर्दीतून वाट काढावी तसा. मग एक पाय रोवतो, खांदा आणि मान आत टाकतो, आणि बचावपटूचं वजन तिकडे गेल्याबरोबर बाहेर फिरतो. बचावपटू बाहेरच्या बाजूला उभा असता तर हेच उलट, आत. आणि पाठलाग करायला कुणीच नसेल, सगळे आपापला इलाखा सांभाळत असतील, तर तो दोन इलाख्यांच्या मधल्या फटीत थांबतो आणि क्वार्टरबॅककडे तोंड करतो. म्हणजे कुठे जायचं हे कागदावर ठरलेलं नसतं, धावता धावता ठरतं. आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला त्याच क्षणी, वीस यार्ड दुरून, तेच उत्तर सुचलेलं असायला हवं, कारण वेल्कर वळून बघेपर्यंत चेंडू हवेत निघालेला असतो. सात यार्ड मिळाले. नवे चार प्रयत्न. रात्रीच्या बातम्यांत हा डाव दाखवत नाहीत.

पॅन्ट्रीतला पहिला तट म्हणायचा की उंची हे नुसतं खूळ आहे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर मुळीच पटत नाही. उंचीचा उपयोग खरा आहे. प्रेसचं सांगितलंच. दुसरं म्हणजे हवेतला चेंडू: उंच माणसाचे हात लांब, उडी धरून त्याचा टापू मोठा, फेक थोडी चुकली तरी तो सांभाळून घेतो. तिसरं, गोल रेषेजवळची गर्दी. शेवटच्या वीस यार्डांत मैदान आखूड होतं, मागे पळायला जागा उरत नाही, सगळे बचावपटू दाटीवाटीने उभे. तिथे बाजूला पळून मोकळं होणं कठीण, वर उडून चेंडू काढणं सोपं. वेल्करचाच हिशेब बघा. २००९ मध्ये त्याने १२३ झेल घेतले, १,३४८ यार्ड कमावले, आणि टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन गोल रेषेपलीकडे पोचणं, फक्त ४. त्याच संघातल्या सहा फूट चार इंचांच्या रँडी मॉसने २००७ मध्ये ९८ झेलांत २३ टचडाउन केले होते, एका मोसमातला तो विक्रम आहे. एक माणूस गाडी घाटावर चढवून आणतो आणि दुसरा झेंडा रोवतो. दोघंही लागतात, पण कंत्राटाच्या वाटाघाटीत झेंड्याचा फोटो उपयोगी पडतो.

आता वेल्करची कुंडली. ओक्लाहोमा सिटीचा मुलगा. शाळेत मैदान गाजवलं, पण मोठ्या विद्यापीठांनी फारसं विचारलं नाही; टेक्सस टेकने शिष्यवृत्ती दिली तीसुद्धा दुसऱ्या एका मुलाने ऐनवेळी मन बदललं म्हणून. तिथे त्याने २५९ झेल घेतले. तरी व्यावसायिक संघ तरुणांची मोजमापं घेतात त्या चाचण्यांच्या मेळाव्याचं आमंत्रणसुद्धा आलं नाही. या लीगमध्ये नवे खेळाडू 'ड्राफ्ट'मधून येतात: वसंतात ३२ क्लब पाळीपाळीने, सात फेऱ्यांत, विद्यापीठांतली मुलं निवडतात. २००४ मध्ये अशी अडीचशेच्या वर नावं पुकारली गेली, त्यात वेल्करचं नाव नव्हतं. सॅन डिएगो चार्जर्सने फुटकळ करारावर घेतलं आणि मोसमाचा एक सामना झाल्यावर काढून टाकलं. एक सामना!

मग मायामी डॉल्फिन्स. १० ऑक्टोबर २००४ ला त्यांचा सामना न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी होता आणि मायामीचा लाथ मारणारा खेळाडू ऐनवेळी जखमी झाला. तेव्हा वेल्करने प्रतिस्पर्ध्यांनी लाथेने लांब मारलेले चेंडू झेलून पळत परत आणले, स्वतः लाथेने चेंडू खांबांमधून घालवून फील्ड गोल केला, टचडाउननंतरचा जादा गुणही मिळवला, आणि वर एक टॅकल केला, म्हणजे समोरच्याला धरून पाडलं. मायामी २४-१० हरली. पण समोरच्या बाजूला बेलिचिक उभा होता.

२००७ च्या मार्चमध्ये पेट्रियट्सनी वेल्करला मायामीकडून घेतलं. मोबदला ड्राफ्टच्या दुसऱ्या आणि सातव्या फेरीतला निवडीचा एकेक हक्क. पुढच्या महिन्यात त्यांनी रँडी मॉसला ओकलंडकडून आणलं, त्याचा मोबदला चौथ्या फेरीतला एक हक्क. म्हणजे एकाच कोचने, एकाच उन्हाळ्यासाठी, पाच-नऊच्या माणसाला सहा-चारच्या माणसापेक्षा जास्त किंमत मोजली. मॉस तिशीला आला होता, ओकलंडमधली दोन वर्षं वाईट गेली होती, तापट म्हणून नाव होतं, हे सगळं मान्य. तरीही 'बेलिचिकला बुटके आवडत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हा सौदा विसरू नये. आणि सौदा दोघांच्या जोडीचा होता. मॉस कडेने खोल धावला की बचावाचा मागचा पहारेकरी घाबरून त्याच्या मागे जायचा, आणि मैदानाचा मधला पट्टा वेल्करसाठी सरकारी जमिनीसारखा मोकळा पडायचा. त्या वर्षी वेल्करचे ११२ झेल झाले. मग १११, १२३, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षी ८६, १२२ आणि ११८. सहा मोसमांत ६७२.

काळाचीही साथ होती. पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही हा नियम १९७८ पासूनचा, पण पंच डोळेझाक करायचे. २००४ पासून लीगने तो कडक पाळायला लावला. त्याआधी मधल्या पट्ट्यात शिरलेल्या हलक्या माणसाला पकडून, ओढून, कोपर लावून थकवता यायचं. वेल्कर दहा वर्षं आधी जन्मला असता तर त्याच गुणांवर कदाचित कुठल्यातरी शाळेत प्रशिक्षक झाला असता. सॅन डिएगोच्या लोकांना मी म्हणूनच सरसकट मूर्ख म्हणत नाही. ते जुन्या बाजारभावाने खरेदी करत होते, एवढंच.

आता तो चेंडू. ५ फेब्रुवारी २०१२, इंडियानापोलिस, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. पेट्रियट्स न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध १७-१५ ने पुढे, चारेक मिनिटं उरलेली. वेल्कर मधल्या पट्ट्यात मोकळा, डावीकडे वर. ब्रेडीने फेकलेला चेंडू त्याच्या पाठीमागे, उलट्या खांद्याकडे आला. वेल्कर हवेत गिरकी घेऊन वळला, दोन्ही हात लागले, आणि चेंडू सुटला. झेल बसला असता तर घड्याळ संपवता आलं असतं. जायंट्सना चेंडू मिळाला, त्यांनी शेवटच्या मिनिटात टचडाउन केला, २१-१७. वेल्करने नंतर स्वतःलाच दोष दिला. असा झेल मी हजारदा घेतलाय, या अर्थाचं बोलला. ही फेक ब्रेडीने चुकवली की झेल वेल्करने, यावर बॉस्टनमध्ये अजून जेवणं थंड होतात. माझं मत विचाराल तर फेक वाईट होती. पण सहा-चारच्या माणसाला कदाचित गिरकी घ्यावीच लागली नसती, हेही मला कबूल करावं लागतं.

एक महिन्याने पेट्रियट्सनी वेल्करवर 'फ्रँचायझ टॅग' लावला. म्हणजे दीर्घ करार द्यायचा नाही, बाजारात मोकळंही सोडायचं नाही. एक वर्ष ठरलेल्या दराने खेळ. दर सुमारे ९५ लाख डॉलर. रक्कम मोठीच, पण खेळाडूला ती नकोशी असते, कारण उद्या गुडघा गेला तर हातात काही नाही. त्याच मार्चमध्ये सहा फूट पाच इंचांच्या व्हिन्सेंट जॅक्सनला टॅम्पा बेने पाच वर्षांचा साडेपाच कोटी डॉलरांवरचा करार दिला. त्या मोसमात जॅक्सनने ७२ झेलांत १,३८४ यार्ड काढले, वेल्करने ११८ झेलांत १,३५४. यार्ड जवळपास सारखे. पुढच्या मार्चमध्ये वेल्करला डेन्व्हरकडून मिळाले दोन वर्षांचे १ कोटी २० लाख.

इथे पहिला तट टाळ्या वाजवतो. बघा, सारखं काम, निम्मा पगार! पण कोचच्या खुर्चीत बसून बघा. जॅक्सनचे यार्ड प्रत्येक झेलाला १९ च्या वर, वेल्करचे साडेअकरा. लांब पल्ल्याच्या एका झेलाने सबंध बचाव मागे सरकतो. आणि त्याहून महत्त्वाचं, वेल्करचं काम दुसऱ्या कुणाला शिकवता येईल का? बेलिचिकचं उत्तर होतं, येईल. २०१२ च्या सप्टेंबरात एडलमनला उतरवणं ही त्याची चाचणी परीक्षा होती, असं मला वाटतं. झेल घेणारा दुसरा गडी आरोन हर्नांडेझ जखमी झाल्यावर वेल्कर पुन्हा पूर्णवेळ आला. ऑक्टोबरात डेन्व्हरविरुद्ध १३ झेल घेतल्यावर त्याने मुलाखतीत कोचला एक टोमणा हाणला आणि मग गंमत केली म्हणाला. गंमत कितपत होती कुणास ठाऊक! २०१३ मध्ये वेल्कर गेला, पेट्रियट्सनी त्याच अंगकाठीच्या डॅनी अॅमेंडोलाला मोठा करार दिला, आणि १०५ झेल घेतले ते एडलमनने. पाच फूट दहा इंच, विद्यापीठात क्वार्टरबॅक, २००९ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत २३२ वा. २०१९ मध्ये तो सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तर कोच बरोबर होता? या कामाची बाजारातली किंमत त्याने बरोबर ओळखली. पण मला त्यातलं दुसरंच टोचतं. हाच एडलमन पहिली चार वर्षं काय करत होता? चार मोसम मिळून ६९ झेल. चेंडू परत आण, माणूस कमी पडला तर बचावात उभा राहा, जखमी हो, परत ये. २०१३ मध्ये तो किरकोळ रकमेच्या एक वर्षाच्या करारावर खेळत होता. जो माणूस १०५ झेल घेऊ शकतो त्याला ते सिद्ध करायला पाचवं वर्ष उजाडलं.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. उंची कमी म्हणून कोच रोजच्या सरावात एखाद्याला कमी गुण देतो असं सहसा होत नाही. समोर दिसतंय ते कोचला कळतं, नाहीतर त्याचीच नोकरी जाते. उंची आड येते ती आधी, ड्राफ्टच्या दिवशी. तिथे ती किंमत पाडते. आणि पुढे किती चुका माफ व्हायच्या ते त्या किमतीवर ठरतं. पहिल्या फेरीतला मुलगा पहिल्या वर्षी चेंडू सोडतो तेव्हा कोच म्हणतो, शिकेल हळूहळू. ड्राफ्टबाहेरून आलेल्याने सोडला की म्हणतो, पुढचा कोण? दोन्ही वेळा सुटलेला चेंडू तोच असतो. वेल्करच्या वाट्याला सॅन डिएगोत एक सामना आला.

हे उंचीचं नसून किमतीचं आहे, याचा उलटा पुरावा म्हणजे टॅव्हन ऑस्टिन. पाच फूट आठ इंच, वेल्करपेक्षाही इंचाने कमी. पण वेग भन्नाट, आणि स्लॉटच्या रिसीव्हरांचा बाजार तेव्हा तेजीत. २०१३ मध्ये सेंट लुइस रॅम्सनी वर सरकून, जादा हक्क मोजून, आठव्या क्रमांकावर त्याला घेतलं. तो वेगवान होता, चेंडू परत आणण्यात धोकादायक होता, पण रिसीव्हर म्हणून एका मोसमात त्याचे सर्वाधिक यार्ड झाले ५०९. असे आकडे सातव्या फेरीतल्या मुलाचे असते तर दुसऱ्या वर्षी सामान बांधावं लागलं असतं. ऑस्टिनला पाच मोसम मिळाले, मध्ये चार वर्षांचा ४ कोटी २० लाखांचा नवा करारही झाला. २०१८ मध्ये रॅम्सनी त्याला सहाव्या फेरीतल्या एका हक्कावर डॅलसला दिलं. बुटका होता, आणि कोचांनी त्याला जास्तच लेखलं.

चाहत्यांच्या हिशेबातही एक भोक आहे. आपण वेल्कर आठवतो, एडलमन आठवतो. ऑगस्टमध्ये सराव शिबिरातून घरी पाठवलेल्या त्यांच्यासारख्या शेकडो मुलांची नावं कुणाला माहीत नसतात. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' म्हणायला सोपं जातं, कारण कीर्ती न झालेल्या लहान मूर्ती कुणी मोजत नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी कॉफी मशीनपाशी कुणी मोठ्याने बोलत नसे. प्रेक्षक ज्यांच्यासाठी हळहळतात ते 'उपेक्षित, कष्टाळू, जिगरबाज' बुटके रिसीव्हर बहुतेक गोरे असतात. वेल्कर, एडलमन, अॅमेंडोला, त्यांच्याआधी न्यू यॉर्क जेट्सचा वेन क्रेबेट. स्टीव्ह स्मिथही पाच-नऊच. तो कृष्णवर्णीय, २००१ मध्ये तिसऱ्या फेरीत आला, सुरुवातीला त्यालाही चेंडू परत आणण्याच्या कामावरच ठेवलं होतं. पुढे तो कडेला उभा राहून धिप्पाड कॉर्नरबॅकांच्या डोक्यावरून झेल घ्यायला लागला, आणि २००५ मध्ये झेल, यार्ड, टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये अव्वल राहिला. स्लॉटचा आडोसा न घेता केलेलं हे काम वेल्करपेक्षा अवघड आहे, असं माझं मत. पण समालोचक त्याच्या 'अंगभूत ताकदी'बद्दल बोलायचे आणि वेल्करच्या 'मेहनती'बद्दल. कमी लेखण्याचे प्रकार कोचांपुरतेच नसतात.

क्रेबेटचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९५ मध्ये तोही ड्राफ्टबाहेरून आला. पुढच्या वर्षी जेट्सनी सहा-चारच्या कीशॉन जॉन्सनला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं, आणि त्याने क्रेबेटची हेटाळणी 'संघाचा शुभंकर' म्हणून केली. शुभंकर म्हणजे सामन्याच्या मध्ये बाहुल्याचा पोशाख घालून नाचतो तो. २४ सप्टेंबर २००० ला दोघं समोरासमोर आले, जॉन्सन आता टॅम्पाकडून. जॉन्सनला दिवसभरात एक झेल, एक यार्ड. शेवटच्या मिनिटात जेट्सच्या कर्टिस मार्टिनने, जो चेंडू घेऊन पळणारा गडी, फेकणारा नव्हेच, अचानक चेंडू हवेत सोडला आणि गोल रेषेपलीकडे तो क्रेबेटने झेलला. जेट्स २१-१७ जिंकले. ५८० झेलांवर क्रेबेट थांबला. डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे थांबावं लागलं. वेल्करलाही डेन्व्हरमध्ये दहा महिन्यांत तीनदा मेंदूला धक्का बसला, मग तो नेहमीपेक्षा मोठं हेल्मेट घालून खेळायचा. मधल्या पट्ट्यात चेंडूकडे बघत वळणाऱ्या माणसाला समोरून येणारा दिसत नाही. दीर्घ करार द्यायला कचरणाऱ्या कोचच्या मनात हेही असतंच.

वेल्कर ९०३ झेलांवर निवृत्त झाला आणि पुढे कोच झाला. २०२२ मध्ये मायामी डॉल्फिन्सने त्याला रिसीव्हरांचा कोच नेमलं. दोन हक्कांच्या मोबदल्यात पंधरा वर्षांपूर्वी त्याला सोडून देणारा क्लब हाच. त्याच्या हाताखाली दोन मुख्य रिसीव्हर होते, टायरिक हिल आणि जेलन वॉडल, दोघंही साधारण पाच-दहाचे. वॉडलला त्यांनी ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलं होतं. हिलसाठी कॅन्सस सिटीला ड्राफ्टचे पाच हक्क दिले आणि त्याला चार वर्षांचा १२ कोटी डॉलरांचा नवा करार दिला. २०२३ मध्ये हिलने १,७९९ यार्ड काढले. तो स्लॉटमध्येही उभा राहायचा आणि कडेलाही, आणि त्याच्यासमोर प्रेस करायला कॉर्नरबॅक पुढे येतच नव्हते. हात हुकला तर पाठलाग करण्यात अर्थ नाही हे त्यांना माहीत होतं. ते आपणहून सात-आठ यार्ड मागे उभे राहायचे.